चकभोवतीची हद्द

आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप दर वर्षी येतो, आणि दर वर्षी मी दुसरंच काहीतरी लिहून देतो. वडिलांच्या महसूल खात्यातल्या नोकरीवर लिहिलं, चिक्कडपल्लीतल्या जुन्या शेजारावर लिहिलं. एकदा दारातल्या कढीपत्त्याच्या झाडावर लिहिलं आणि त्यावर लोकांचे फोनही आले. कागद पुढे ओढताना मनात जे असायचं ते हळूच बाजूला सारून मी त्याच्या शेजारचं काहीतरी उचलायचो. टाळायलाही ताकद लागते. सत्तरी ओलांडल्यावर माझी ती आता संपत आली आहे. लिहिण्यामागे यापेक्षा मोठं कारण नाही.

बाहेर मे महिना आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मुंजलूवाला बसतो, म्हणजे ताडगोळे विकणारा. दुपारी तो स्वतःच डोक्यावर ओलं फडकं टाकून पेंगतो आणि गिऱ्हाइकाने चाकूच्या पात्यावर टिचकी मारली की जागा होतो. शेजारच्या तेलुगू बाई रोहिणी कार्ते, म्हणजे रोहिणी नक्षत्र, लागायच्या आधीच पापड घालून घेतात, कारण त्या दिवसांत गच्चीवर पाऊल ठेववत नाही. हे सगळं दर वर्षी होतं. पण मला आठवतो तो उन्हाळा आता पुरा कधीच परत येत नाही, कारण तो रमजानचा होता. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. त्या वेळी तो भर मे महिन्यात होता, आणि आता तो फेब्रुवारीतच येऊन जातो, सकाळी अंगावर शाल असताना. त्यामुळे त्या ऋतूचे दोन तुकडे झाले आहेत. ऊन ठरल्या वेळी येतं आणि रोजे त्याच्या आधी कधीतरी. लोकांना एक आठवण वर्षातून एकदा छळते, मला ती दोनदा येते, अर्धी अर्धी.

कुकटपल्लीच्या मागच्या अंगाला, आता जिथे उंच इमारती आणि मिठाईची दुकानं आहेत, तिथे पत्र्याच्या छपरांचे बरेच कारखाने होते. त्यातल्या एका लहानशा कारखान्यात मी आयुष्यभर काम केलं. शेवटची बरीच वर्षं माझ्याकडे सेटिंगचं काम होतं. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथ मशीनवर नवं काम चढवायचं, पहिला नग काढून तपासायचा, मग मशीन ऑपरेटरच्या हाती द्यायचं. मे महिन्यात तो पत्रा असा तापायचा की खाली उभं राहिलं तरी डोक्यावर कोणीतरी तळहात ठेवल्यासारखं वाटे. मशीनमधलं थंडाव्याचं दुधाळ पाणी उन्हाळ्यात नासतं. त्याचा आंबूस वास कपड्यांत, केसांत, डब्याच्या पिशवीत शिरून घरापर्यंत यायचा. सुनंदा, माझी पत्नी, दारातच सांगायची, अहो, आधी अंघोळ.

संध्याकाळच्या सुमारास त्या वासाला दुसरा एक वास येऊन मिळायचा. रस्त्यापलीकडे रमजानपुरती हलीमची भट्टी लागे. भल्यामोठ्या देगेत दोन माणसं लाकडी घोटण्यांनी मांस आणि गहू एकजीव करत असायची, आणि त्यांचा धप् धप् ताल आमच्या मशीनच्या आवाजातूनही ऐकू यायचा. मी शाकाहारी. पण तूप आणि तळलेल्या कांद्याचा तो वास मला आवडायचा, हे मी घरी कधी सांगितलं नाही. करीमभाईला मात्र माहीत होतं.

करीमभाई आमचा दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, अंगाने भरलेला, मिश्या काढलेल्या आणि दाढी राखलेली. बोराबंड्याहून सायकलने यायचा, पुढे मुलाने मोपेड घेऊन दिली. तो फार थोर कारागीर होता असं नाही. आमच्यासारखाच चुका करायचा आणि आमच्यासारखाच त्या झाकायचा. पण पाळी बदलताना तो आत आला की कारखान्याचा चेहरा जरा सैल व्हायचा. माझ्या डब्यातला दहीभात हा त्याचा नेहमीचा विषय. रोज्याच्या दिवसांत मी संकोचून दूर जाऊन जेवायला लागलो, तर म्हणायचा, "साब, इधरइच बैठ के खाओ. तुम्हारा डिब्बा देखा तो मेरा रोजा और मजबूत हो जाता." सगळे हसायचे, मीही. भर मे महिन्यात पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब न घेता तो त्या पत्र्याखाली उभा राहायचा. लहानपणापासून एकही रोजा चुकवलेला नाही, हे तो बढाई म्हणून सांगत नसे. आपलं मूळ गाव सांगावं तसं सांगायचा.

आता ते मशीन समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लेथचा चक म्हणजे एक गोल जाडजूड पंजा. त्याला पुढे तीन बोटं असतात, त्यांना आम्ही जॉ म्हणतो. ही बोटं लोखंडाचा तुकडा घट्ट धरतात आणि पंजा त्याला घेऊन डोळ्यांनी दिसणार नाही इतक्या वेगाने फिरतो. समोरून हत्यार येतं आणि त्या तुकड्याला कापत, घासत आकार देतं. हत्यार तुकड्याला लागलं पाहिजे, पण बोटांना लागता कामा नये. लागलं तर काय होतं, ते एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

आणि मशीनला डोळे नसतात. समोर चक आहे, त्याची बोटं एवढी लांब आणि एवढी जाड आहेत, हे त्याला आकड्यांत सांगावं लागतं. एकदा सांगितलं की ते आपल्यापुरती चकभोवती एक चौकट आखून घेतं. मग ऑपरेटरच्या हातून काहीही चूक होवो, हत्यार त्या चौकटीच्या आत जाऊ लागलं की मशीन जागच्या जागी थांबतं, पडद्यावर लाल अक्षरं उमटतात आणि भोंगा वाजतो. पुस्तकात तिला बॅरिअर म्हणतात, आमच्याकडे सगळे हद्द म्हणायचे. "हद में गया साब," अशी हाक दिवसातून एकदा तरी कोणाकडून तरी यायची. मग कोणी त्याला हसायचं, तो आकडा दुरुस्त करायचा आणि काम पुढे चालायचं. किती चुका त्या न दिसणाऱ्या चौकटीने पोटात घातल्या, त्याची गणती नाही. जी चूक थांबते ती चूक वाटतच नाही.

जॉ बदलले की हद्द पुन्हा आखायची, हा नियम. बोटं मोजायची, आकडे भरायचे, मग हत्यार हाताने अगदी सावकाश पुढे नेऊन ते हद्दीवर थांबतं ना ते पाहायचं. कंटाळवाणं काम, पण फार तर चहा पिऊन होईल एवढा वेळ लागणारं. पहिला नग काढताना कधी कधी घाईत हद्द बंदच करून टाकायची आमची पद्धत होती. ती चूक होती आणि सगळे करत होते. फक्त त्यावर आमचाच एक तोडगा होता. हद्द बंद केली की मशीनच्या दाराच्या मुठीला लाल चिंधी बांधायची. पुढच्या माणसाला चिंधी दिसली की तो प्रत्येक बटण दोनदा विचार करून दाबायचा.

त्या दिवशी सकाळपासून नवं काम चढत होतं. आधीच्या कामाला लांब जॉ होते, नव्याला आखूड लावले. मशीनला हे कुठे माहीत? जिथे आता मोकळी हवा होती तिथे अजून लोखंड आहे असं धरून ते चाललं होतं. हत्यार पुढे नेलं की थांबायचं, भोंगा वाजायचा. पुन्हा नेलं, पुन्हा थांबलं. घामाने चष्मा नाकावरून घसरत होता. मी पॅनेलची चावी फिरवली आणि हद्द बंद केली. एक नग काढू, मग नीट आखू, असं म्हणालो. एकाच नगाचा प्रश्न म्हणून चिंधी बांधली नाही. नग चांगला निघाला.

तेवढ्यात मालकांचं बोलावणं आलं. त्यांना आम्ही सगळे राव गारू, म्हणजे रावसाहेब, म्हणायचो. त्यांच्या गावच्या बागेतून बंगनपल्ली आंब्यांची पेटी आली होती आणि केबिनमध्ये फोडी कापून ठेवल्या होत्या. केबिनला ए.सी. होता. मी हात धुतले, आत गेलो आणि त्या गारव्यात बसल्याबरोबर अंगातलं सगळं सैल पडलं. फोडी खाल्ल्या. माल कधी पाठवायचा यावर बोलणं निघालं ते लांबत गेलं. मध्ये पाळी बदलली. काचेतून मला करीमभाई मशीनकडे जाताना दिसला आणि त्याने सवयीप्रमाणे हात वर केला. मीही हात वर केला. उठून एवढंच सांगायचं होतं की हद्द आखायची राहिली आहे. ते माझ्या मनातही आलं नाही. आलं असतं आणि मी आळस केला असता, तर निदान त्या आळसाला एक चेहरा असता. मी नुसता विसरलो होतो आणि समोर आंबा होता.

आवाज झाला तेव्हा दुपार कलली होती. तो आवाज लिहून दाखवता येत नाही. एखादं जड कपाट जिन्यावरून गडगडावं आणि मध्येच कोणीतरी ते दाताखाली धरावं, तसा काहीसा. नंतर सगळी मशीनं एकेक करून थांबली आणि हलीमच्या भट्टीवरचा तो धप् धप् ताल एकदम स्पष्ट ऐकू येऊ लागला.

करीमभाई मशीनपुढे उभा होता. त्याचा उजवा तळवा मशीन तातडीने थांबवायच्या लाल बटणावर दाबलेला होता, हात तिथून काढायचं भान त्याला नव्हतं. कोणाला लागलं नव्हतं. आत मात्र हत्यारं बसवलेला अख्खा डबा वाकला होता, एक जॉ फुटला होता, दाराच्या जाड काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उठल्या होत्या. पडद्यावर त्याने भरलेला आकडा तसाच होता. हत्याराची धार बदलल्यावर केसाएवढी दुरुस्ती भरायची असते. त्यातला दशांशाचा बिंदू राहून गेला होता, आणि केसाएवढं अंतर बोटभर झालं होतं. असा बिंदू आमच्यातल्या प्रत्येकाच्या हातून राहायचा. हद्द चालू असती तर भोंगा वाजला असता, कोणीतरी हसलं असतं.

राव गारू धावत आले. पहिला प्रश्न त्यांनी मला विचारला, आणि बरोबर विचारला, की बॅरिअर होता ना, मग मशीन थांबलं कसं नाही? मी पॅनेलकडे पाहिलं. चावी मी फिरवली होती तशीच होती.

"चावी तो पॅनेल को ही रहती है, सर," मी म्हणालो.

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. चावी खरंच पॅनेललाच असायची, कोणीही फिरवू शकायचं. माझं वाक्य तिथेच थांबलं आणि बाकीचं राव गारूंनी स्वतः पुरं केलं. त्यांनी करीमभाईकडे पाहिलं. सुकलेले ओठ, तांबारलेले डोळे.

"रोजा है न तुम्हारा?"

"हौ सर."

चौकशी म्हणतात ती एवढीच झाली. कोणी ओरडलं नाही. राव गारू वाईट माणूस नव्हते. उपाशीपोटी एवढ्या उन्हात माणसाची शुद्ध हरपते, उभ्या उभ्या डोळा लागतो, आपणच त्याला मशीनवर उभं करायला नको होतं, असं ते मला नंतर हळहळून म्हणाले. मी मान हलवली. करीमभाई तेव्हा इतकंच पुटपुटला, "मैं पॉइंट डाला था साब. हद को तो मैं हाथ भी नइं लगाया." माझ्याकडे बघून म्हणाला. त्याच्या नजरेत तक्रार नव्हती. मी सेटर होतो, मला माहीत असणार, असा साधा विश्वास होता. मी वाकून फुटलेल्या जॉचे तुकडे गोळा करू लागलो.

झोपलेल्या माणसाचा हात लाल बटणावर जात नाही. हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. मी ते कोणापाशी बोललो नाही.

आता मागे वळून पाहताना मला सर्वांत जास्त थकवा कशाने येतो सांगू? मला वाचवण्यासारखं काही विशेष नव्हतं. नोकरी गेली नसती. राव गारू चारचौघांत बोलले असते, दोन दिवस माझं तोंड उतरलं असतं आणि आठवड्याने सगळे विसरले असते. मुलं मार्गी लागली होती, निवृत्ती जवळ होती. पोटासाठी खोटं बोललो म्हणायलाही जागा नाही. एक चारचौघांतली ओशाळी वेळ टाळायला मी दुसऱ्या माणसाच्या अंगावरचं त्याचं सगळ्यांत जपलेलं वस्त्र काढून घेतलं, आणि ते काढून घेतलं हे मला तेव्हा कळलंही नाही. ते पुढच्या वर्षी कळलं.

त्याला कामावरून काढलं नाही. मशीनवरून काढलं. मागच्या बाजूला, जिथे तयार नगांच्या कडा कानशीने घासून ते खोक्यात भरतात, त्या टेबलावर त्याला बसवलं. त्याने पहिल्या दोन-तीन दिवसांत पुन्हा पुन्हा तो दिवस आठवून पाहिला असावा. एकदा चहाच्या वेळी, तो स्वतः चहा घेत नव्हता, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "शायद आँख लग गई हुइंगी साब. चाबी कब घुमाया, मेरेकू यादइच नइं." तो ते शोधून काढल्याच्या सुरात म्हणाला, हरवलेली वस्तू सापडावी तसं. जे त्याने केलंच नव्हतं ते आठवायचा त्याने इतका प्रयत्न केला की शेवटी आठवत नाही याचाच त्याने पुरावा केला. मी म्हणालो, जाऊ दे करीमभाई, होतं असं. मी त्याला धीर दिला.

पुढच्या वर्षी रमजान आला तोही उन्हातच. एका दुपारी मी नग मोजायला मागे गेलो. खोक्यांच्या उतरंडीआड, सगळ्यांकडे पाठ करून, करीमभाई जेवत होता. पोळीचा घास भाजीत बुडवताना त्याचा हात खूप सावकाश हलत होता. चोरून खाणाऱ्याची घाई त्यात नव्हती. औषध घेणाऱ्या माणसाचा सावकाशपणा होता. माझी चाहूल लागली तसा तो वळला. मग तो हसला आणि डबा पुढे करत म्हणाला, "आओ साब. अब तो तुम्हारा दहीभात भी चलता मेरेकू."

मी त्याच्याशेजारी बसून जेवलो. नंतर दर रमजानमध्ये, मी निवृत्त होईपर्यंत, आम्ही तिथे एकत्र जेवलो. बाकीच्यांना त्यात आमची मैत्री दिसायची. माझ्या निरोपसमारंभात कोणीतरी तसं बोललंही. टाळ्या झाल्या, करीमभाईने मला हार घातला.

तो आता रोजे का धरत नाही हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, आणि हिंमतही.

निवृत्तीनंतरची वर्षं अशी गेली की सांगण्यासारखं काही नाही. सकाळी फिरणं, आबिड्सच्या पोस्टात कधीमधी एखादं काम, संध्याकाळी पुण्याहून नातीचा फोन, जी मराठी बोलते पण वाचताना अडखळते. रमजान सरकत सरकत थंडीकडे आला. या वर्षी चंद्र दिसल्याच्या रात्री गल्लीच्या टोकाला फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना सुनंदा म्हणाली, दर रमजानला तुम्ही असे गप्प का होता हो? आपल्या घरात कोणी रोजे धरत नाही, तुमचंच तोंड का सुकतं? ती थट्टेनेच म्हणाली होती. मी तिला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने ऐकून घेतलं. मग उठून कप धुवायला नेले आणि आतूनच म्हणाली, "मला सांगून काय होणार? त्यांना सांगा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

म्हणून मी बोराबंड्याला गेलो. इतक्या दिवसांनी जात होतो, वस्ती ओळखू येईना. चढावरच्या अरुंद गल्ल्या, दोन्ही अंगांना तीनमजली घरं, तारांचे गुंते, आणि इफ्तारची वेळ जवळ आल्यामुळे प्रत्येक दारातून तळणाचा वास. करीमभाईने मला लांबूनच ओळखलं आणि पायऱ्या उतरून खाली आला. वाळला होता. दाढी पूर्ण पांढरी. घरात चादर अंथरून खजूर, कलिंगडाच्या फोडी, चण्याची उसळ, भजी मांडणं चाललं होतं. त्याची पत्नी, मुलगा, सून सगळे चादरीभोवती बसून अजानची वाट पाहत होते. करीमभाई मात्र भिंतीजवळच्या खुर्चीकडे गेला आणि शेजारच्या खुर्चीवर थाप मारून म्हणाला, "साब, इधर बैठो. इस घर में अपन दोनोंइच बगैर रोजे के हैं."

मुलगा हसला, भाबीही हसल्या. घरातला जुना विनोद असावा.

मी विचारलं, आता तर मशीन नाही, कारखाना नाही. आता काय हरकत आहे? विचारताना मला वाटत होतं की तो आता जे सांगेल त्यातच मला माझ्या बोलण्याची वाट सापडेल. तो म्हणाला, चुकलेले सगळे रोजे मनात धरून ठेवले होते. घरी बसलो की एकेक करून फेडायचे, असं ठरवलं होतं. घरी बसला आणि त्याच वर्षी साखरेचं दुखणं निघालं. दिवसातून दोनदा सुई. डॉक्टरांनी साफ सांगितलं, नक्को. आता त्या बदल्यात कोणा गरिबाला जेवू घालतो, तेही चालतं म्हणतात. पण ते आणि हे एक नव्हे, असं म्हणाला. मग माझ्याकडे झुकून, घरच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलला.

"उस दिन के बाद अपने पे भरोसा नइं रहा साब. आजूबाजू आदमी खड़े रहते. मेरी आँख फिर लगती, किसी की जान जाती, तो ऊपर जाके क्या मुँह दिखाता? अल्लाह ने एक बार बचाया. मैं समझ गया."

तो हे दुःखाने सांगत नव्हता. त्याने त्या दिवसाचा अर्थ लावला होता आणि त्या अर्थावर स्वतःचं घर बांधलं होतं. देवाने आपल्याला इशारा दिला, आपण तो ऐकला, माणसं वाचली. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या एका वाक्याने त्याचं नाव त्याला परत मिळेल, आणि त्याच वाक्याने त्याने इतकी वर्षं रोजे धरले नाहीत ते विनाकारण, हेही त्याला कळेल. ते बिनरोज्याचे उन्हातले दिवस, ती खोक्यांआडची जेवणं, इशारा समजून त्याने ज्यापुढे मान तुकवली ते सगळं कोणा इशाऱ्याने घडलं नव्हतं. एक माणूस आंबा खात बसला होता म्हणून घडलं होतं. आणि आता फेडायला शरीर उरलेलं नाही.

हे सगळं मला तेव्हा सुचलं असं मी म्हणतो. खरं म्हणजे त्यातलं बरंचसं मला नंतर, परतीच्या वाटेवर सुचलं. त्या क्षणी मी फक्त घाबरलो होतो, पूर्वीसारखाच. भीतीला नंतर चांगली कारणं मिळतात.

अजान झाली. चादरीभोवतीचे हात एकदम खजुरांकडे गेले आणि घर शांत झालं. दिवसभराच्या तहानेनंतरचा पहिला घोट घशाखाली उतरतानाची ती शांतता. करीमभाई त्यांच्याकडे बघत होता. परक्यांच्या घरातलं लग्न दारातून पाहावं तसा. भाबींनी मला बशी दिली. मी भजी खाल्ली आणि म्हणालो, भजी फार छान झाली आहेत.

निघताना तो खालपर्यंत आला. गल्लीत आता माणसं बाहेर पडू लागली होती. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "साब, कुछ बोलने आए थे क्या?"

मी म्हणालो, नाही रे, असंच. बरेच दिवस भेटलो नव्हतो.

घरी पोहोचलो तेव्हा सुनंदाने दार उघडत विचारलं, "सांगितलंत?" मी हो म्हणालो. तिने सुस्कारा सोडला आणि पानं घ्यायला गेली. मंडळाचा अंक ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. तेव्हा हे तिलाही इथेच कळेल.

करीमभाईला मराठी वाचता येत नाही. त्याच्या मुलालाही नाही. हा अंक बोराबंड्यापर्यंत जाणार नाही, आणि हे सुरक्षित आहे म्हणूनच मी लिहू शकलो का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. उत्तर काय आहे ते मला माहीत आहे. तरीही लिहिलं, कारण कुठेतरी एका कागदावर तरी त्या दिवसाचं खरं असायला हवं. त्या संध्याकाळी त्याच्याकडे जाताना आटोत बसून मी चार वाक्यं त्याच्या बोलीत पाठ केली होती. चढ लागेपर्यंत ओठांतल्या ओठांत घोकत होतो, आटोवाल्याने आरशातून दोनदा पाहिलंही. ती होती अशी:

करीमभाई, उस दिन तुम्हारी आँख नइं लगी थी. हद मैं बंद करा था, और मालूम होके भी मैं चुप बैठा. तुम्हारे रोजे में कुछ खोट नइं थी. हो सके तो मेरेकू माफ करो.